चार महिन्यांचा नेम आणि जन्माची संवय

आषाढ शुद्ध नवमीस आपल्याकडे कांदेनवमी म्हणतात. त्या दिवशीं कांद्याचीं भजीं, कांद्याचीं थालिपीठें असे पदार्थ हौसेनें होतात, आणि दोनच दिवसांनीं येणाऱ्या शयनी एकादशीपासून कार्तिकांतील प्रबोधिनी एकादशीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगें हीं स्वयंपाकघरांतून रजा घेतात. ज्या घरांत हा आचार अजून पाळला जातो तेथें एक मौज पाहावयास मिळते. एरवीं कांदा नसेल तर ज्यास पिठलें गोड लागत नाहीं, तोच गृहस्थ हे चार महिने कुरकुर न करतां काढतो. घरांतील कोणी मौनानें जेवतो, कोणी एकभुक्त राहातो, एखाद्या सासूबाई रोज देवापुढें तेहेतीस गोपद्में रेखाटल्यावांचून तोंडांत कांहीं घालीत नाहींत. पण याच गृहस्थास डॉक्टरांनीं "चहांत साखर घालूं नका" असें सांगितलें, तर तो निश्चय पहिल्या पाहुण्याबरोबर विरघळतो. आणि याच सासूबाईंस रोज अर्धा तास चालावयास सांगितलें, तर त्यासाठीं आणलेल्या नव्या चपला आठव्या दिवशीं कोनाड्यांत जाऊन बसतात.

मनुष्य तोच, घर तेंच. मग एका ठिकाणीं निश्चय टिकावा आणि दुसऱ्या ठिकाणीं मोडावा, असें कां होतें? "नेमामागें धर्मश्रद्धा असते" हें उत्तर चटकन् दिलें जातें. तें खोटें नाहीं, पण पुरतेंहि नाहीं. ज्यांची श्रद्धा बेताची आहे असे पुष्कळ लोक केवळ घरची रीत म्हणून चातुर्मास पाळतात, आणि जे अत्यंत श्रद्धाळू आहेत त्यांच्याहि कमरेची तपकिरीची डबी सुटत नाहीं. आमच्या मतें उत्तर श्रद्धेच्या तीव्रतेंत नसून नेमाच्या बांधणींत आहे. गेल्या सवाशें वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं संवयीविषयीं जें शोधून काढलें आहे, तें या बांधणीशीं ताडून पाहाण्यासारखें आहे; आणि जेथें तें जुळत नाहीं ती जागाहि जुळणाऱ्या जागेइतकीच पाहाण्यासारखी आहे.

प्रथम संवय म्हणजे काय तें पाहूं. अमेरिकेंतील तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील आपल्या बृहद्ग्रंथांत संवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जें कृत्य वारंवार घडतें त्याची मज्जासंस्थेंत वाट पडते, आणि एकदां वाट पडली म्हणजे तें कृत्य करण्यास लक्ष देण्याची गरज उरत नाहीं. सदऱ्याची कोणती बाही आपण आधीं घालतों, हें कोणी विचारलें तर सांगतां येत नाहीं. हातास मात्र तें ठाऊक असतें. पुढें मेंदूचा प्रत्यक्ष अभ्यास झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत अ‍ॅन ग्रेबिएल व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांस एका आंखलेल्या वाटेवरून धावावयास शिकविलें, आणि त्यांच्या मेंदूच्या खोल भागांतील 'बेसल गँग्लिया' नांवाच्या पेशीसमूहांतील हालचाल टिपली. उंदीर नवशिका असतांना ही हालचाल सबंध धावेभर चाले. वाट अंगवळणीं पडल्यावर ती आरंभीं व अखेरीस तेवढी उसळे, आणि मधला भाग जणूं आपोआप उरके. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत याहूनहि महत्त्वाची गोष्ट दिसून आली. वाटेच्या शेवटीं ठेवलेलें बक्षीस काढून घेतल्यावर मेंदूंतील ही ठेवण मोडली. पण बक्षीस पुन्हां ठेवूं लागतांच ती परत आली. म्हणजे जुनी संवय पुसली जात नाहीं, ती झोंपते. ज्यानें दहा वर्षांपूर्वीं विडी सोडली त्यास एखाद्या लग्नघरीं, जुन्या मित्रांच्या घोळक्यांत, ती अचानक कां आठवावी, याचा उलगडा यांत आहे.

संवय किती आंधळी असते याविषयींचा एक गंमतीचा प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. डेव्हिड नील, वेंडी वुड प्रभृति संशोधकांनीं चित्रपटगृहांत आलेल्या कांहीं प्रेक्षकांस ताज्या मक्याच्या लाह्या, म्हणजे पॉपकॉर्न, दिल्या व कांहींस आठवडाभर शिळ्या झालेल्या दिल्या. ज्यांस चित्रपट पाहातांना लाह्या खाण्याची पक्की संवय होती, त्यांनीं त्या आवडत नाहींत असें सांगत असतांहि शिळ्या लाह्या ताज्यांइतक्याच फस्त केल्या. तशाच संवयीच्या लोकांस चित्रपटगृहाऐवजीं एका सभेच्या खोलींत बसवून लाह्या दिल्या, तेव्हां मात्र त्यांच्या जिभेस शिळें-ताजें समजूं लागलें. चित्रपटगृहांतच पण नेहमींच्या हाताऐवजीं दुसऱ्या हातानें खावयास लावलें, तेव्हांहि तसेंच झालें. डाव्या हातानें खाण्याचा हा प्रयोग आपल्या घरीं आजीसमोर करतां येणार नाहीं हें खरें. पण त्यावरून जें दिसतें तें ध्यानांत ठेवावें. संवयीस चव लागत नाहीं कीं भूक लागत नाहीं, तिला खूण लागते. ठराविक जागा, ठराविक वेळ, ठराविक माणसें, हातांतील ठराविक कपबशी, यांपैकीं एखादी खूण पुढें आली कीं ती चालूं लागते.

येथें नेमाची पहिली खुबी दिसते. आपण व्रताचा संकल्प सोडतों तेव्हां भटजी आपल्याकडून काय वदवून घेतात? स्थळ, संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार, नक्षत्र, मग आपलें नांव व गोत्र, आणि या सर्वांनंतर आपण काय करणार तें. "यापुढें मी चांगला वागेन" असें मोघम उदक कोणी सोडीत नाहीं. जर्मनींतील मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनीं नेमक्या याच भेदावर पुष्कळ वर्षें काम केलें. नुसता हेतु मनांत धरणें निराळें, आणि "अमुक वेळीं, अमुक ठिकाणीं, अमुक झालें कीं मी तमुक करीन" अशी खूण व कृति यांची आधींच गांठ मारून ठेवणें निराळें, असें त्यांचें प्रतिपादन आहे. २००२ सालीं इंग्लंडांतील एका अभ्यासांत २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटास विशेष कांहींच सांगितलें नाहीं. दुसऱ्यास व्यायामाचें महत्त्व समजावून दिलें. तिसऱ्यास तें समजावून देऊन शिवाय पुढील आठवड्यांत कोणत्या दिवशीं, किती वाजतां व कोठें व्यायाम करणार हें लिहून घेतलें. पहिल्या गटांत शेंकडा ३८ जणांनीं व्यायाम केला, दुसऱ्यांत शेंकडा ३५ जणांनीं, आणि तिसऱ्यांत शेंकडा ९१ जणांनीं. उपदेश ऐकणाऱ्यांचा आंकडा न ऐकणाऱ्यांहून तसूभर कमीच भरला, ही गोष्ट घरोघरच्या वडील मंडळींनीं एकांतांत विचारांत घ्यावी.

आमच्या पूर्वजांस हें सर्व मानसशास्त्र आधींच अवगत होतें, असें म्हणण्याचा मोह येथें होतो. तो टाळलेला बरा. संकल्पाचा हेतु धार्मिक होता, आणि चालण्याच्या व्यायामाची कल्पनाहि त्यामागें नव्हती. पिढ्यान् पिढ्या जें टिकलें तें टिकण्याजोग्या बांधणीचें होतें, इतकेंच फार तर म्हणतां येईल.

खुणेशीं गांठ मारण्याचें एक सुंदर उदाहरण गांधीजींच्या आत्मचरित्रांत आहे. दक्षिण आफ्रिकेंत वकिली व सार्वजनिक कामें यांच्या धकाधकींत गीता पाठ करण्यास त्यांस वेळ सांपडेना. सकाळीं दांत घासण्यास पंधरा मिनिटें व स्नानास वीस मिनिटें लागत. दांत घासतांना ते उभे राहात, तेव्हां समोरच्या भिंतीवर गीतेचे श्लोक लिहिलेले कागद त्यांनीं चिकटवून ठेवले, आणि अशा रीतीनें तेरा अध्याय मुखोद्गत केले. त्यांनीं दिवसांत नवा वेळ निर्माण केला नाहीं. जी संवय पक्की होती तिच्याच पाठीवर नवी बसविली. आपल्या घरांतील औषधाची गोळी जेवणाच्या ताटाशेजारीं ठेविली तर घेतली जाते, व कपाटांत ठेविली तर विसरली जाते, तें याच कारणानें.

आतां दिवसांचा प्रश्न. एकवीस दिवसांत संवय लागते, असें आज जो तो सांगतो. या आंकड्याचें मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन शल्यवैद्यांच्या १९६० सालच्या पुस्तकांत आहे. ते चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करीत. नव्या चेहऱ्याची रुग्णास ओळख पटण्यास निदान एकवीस दिवस लागतात, असा त्यांचा अनुभव होता. पुढील लोकांनीं 'निदान' हा शब्द गाळला, चेहरा गाळला, आणि एकवीस तेवढे ठेवले. याची नीट तपासणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनीं केली. ती २००९-१० मध्यें प्रसिद्ध झाली. ९६ स्वयंसेवकांनीं रोजच्या एखाद्या खुणेशीं, उदाहरणार्थ न्याहारीशीं, एक नवें कृत्य जोडलें: कोणी पेलाभर पाणी प्यावें, कोणी फळ खावें, कोणी थोडें धावावें. हें बारा आठवडे चाललें. कृत्य आपोआप घडूं लागण्यास लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवसांचा निघाला. पण कोणास १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतींत गणितानें पुढें वाढवून पाहातां २५४ दिवस लागतील असें दिसलें. पाणी पिणें लवकर अंगवळणीं पडलें, व्यायामास फार वेळ लागला. शिवाय हें गणित निम्म्याहून कमी लोकांच्या बाबतींतच नीट बसलें. तेव्हां ६६ या आंकड्याचाहि नवा मंत्र करूं नये. मात्र आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत सुमारें ११८ दिवस भरतात, हें सहज मोजण्यासारखें आहे. आणि २०२० किंवा २०२३ सालाप्रमाणें मध्यें अधिक मास आला तर दीडशेंच्या जवळ जातात. पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टीस ते पुरून उरतील. व्यायामास कदाचित् पुरणार नाहींत.

बहुतेकांचा निश्चय या दिवसांच्या मोजणींत न मोडतां चुकलेल्या दिवशीं मोडतो. विल्यम जेम्स यांचा उपदेश कडक होता: संवय रुजेपर्यंत एकहि अपवाद घडूं देऊं नये, सुताचा गुंडा गुंडाळतांना हातांतून एकदां पडला, तर अनेक वेढे उलगडतात. हा दृष्टान्त मनांत ठसतो, आणि आमच्या मतें त्यानेंच पुष्कळांचें नुकसान केलें आहे. लॅली यांच्या अभ्यासांत एखादा दिवस चुकला म्हणून संवय रुजण्यांत म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाहीं. घात चुकलेल्या दिवसाचा नसून त्यानंतरच्या विचाराचा असतो. अ‍ॅलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं दारू सोडूं पाहाणाऱ्यांचा दीर्घ अभ्यास करून हेंच दाखविलें कीं, एक घोट घेतल्यावर "मी मुळांत दुबळाच, आतां सगळेंच गेलें" असें जो मनाशीं म्हणतो, तो घोटावरून बाटलीवर जातो. आणि "या प्रसंगीं कोठें गफलत झाली" एवढेंच जो पाहातो, त्याचें पाऊल सांवरतें. दारू-हेरॉइनसारखीं व्यसनें शरीरासहि जखडतात आणि तेथें वैद्यकीय मदतीवांचून भागत नाहीं, हें खरें. पण मनाचा हा भाग साखरेस व सुपारीसहि लागू आहे.

या बाबतींत आपल्या व्रतांची व्यवस्था जेम्ससाहेबांहून शहाणी होती. व्रतांत खंड पडणार हें तेथें गृहीतच धरलेलें असे. अडचणीचे दिवस येत, सोयरसुतक येई, कोणी आजारी पडे. अशा वेळीं घरांतील दुसरी कोणी स्त्री तिच्या वतीनें गोपद्में काढी, किंवा राहिलेलीं मागाहून भरून काढलीं जात. चूक झाली तर तिला लहानसें प्रायश्चित्त असे, आणि प्रायश्चित्त झालें म्हणजे व्रत पुढें चालूं राही. चार दिवस गोपद्में राहिलीं म्हणून आतां चातुर्मासच संपला, असें कोणतीहि सासूबाई म्हणाल्याचें ऐकिवांत नाहीं. नव्या चपलांच्या बाबतींत मात्र त्या तेंच म्हणतात.

संवयीस खूण लागते असें वर म्हटलें, त्याचा सर्वांत मोठा दाखला युद्धांतील आहे. व्हिएतनामांत लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचें व्यसन पसरल्याचें १९७१ सालीं उघडकीस आलें, आणि हे तरुण घरीं परतल्यावर काय होणार या काळजीनें सरकार हादरलें. ली रॉबिन्स या विदुषींनीं परतलेल्या सैनिकांचा माग घेतला. तेथें असतांना सुमारें पांचांत एक सैनिक व्यसनाधीन झाला होता. पण मायदेशीं आल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत अशांपैकीं शेंकडा पांचांच्या आसपासच पुन्हां त्या फेऱ्यांत सांपडले. ज्या जागेनें, ज्या संगतीनें आणि ज्या भीतीनें व्यसन लावलें, तीं सर्व समुद्रापलीकडे राहिलीं. उलट जो आपल्याच गल्लींत व्यसनी झाला, तो इस्पितळांतून बरा होऊन त्याच गल्लींत परततो.

आपल्यापैकीं बहुतेकांस समुद्र ओलांडतां येत नाहीं. आपली गल्ली म्हणजे आपलें घर. आणि घर एकत्र कुटुंबाचें असेल तर त्यांतील खुणा एका माणसाच्या हातच्या नसतात. घरांतील साठीच्या गृहस्थांस मधुमेहाची सुरुवात झाली आहे अशी कल्पना करा. वाचकांपैकीं पुष्कळांस कल्पना करण्याचेंहि कारण पडणार नाहीं. डॉक्टरांनीं गोड बंद सांगितलें, भात कमी सांगितला, रोजचें चालणें सांगितलें. पहिल्या दिवशीं सर्वांच्या डोळ्यांत काळजी असते. पण चहाचें आधण बारा माणसांचें एकच, आणि साखर त्यांतच पडते. निराळा कप करावयाचा तर तो सूनबाईंनीं, सकाळच्या सर्वांत गर्दीच्या वेळीं, निराळ्या भांड्यांत. चार दिवस तो होतो. पांचव्या दिवशीं मुलांच्या डब्यांच्या घाईंत राहून जातो, आणि मामंजी "असूं दे, आजचा दिवस" म्हणून साखरेचाच घेतात. मग रविवारीं लेक-जांवई येतात. पंगतींत श्रीखंड असतें, आणि वाढणारा हात ताटाशीं थांबून म्हणतो, "अण्णा, एवढ्यानें काय होतंय!" आपल्याकडील आग्रह ही प्रेमाची भाषा आहे, नको म्हणणें हा त्या भाषेंत अपमान ठरतो. पथ्य करणारा मनुष्य जिभेशीं झगडूं शकेल, पण सख्ख्या बहिणीच्या रुसव्याशीं किती दिवस झगडेल?

पथ्य वडिलांचें आणि व्रत सुनेचें, अशी स्थिति अनेक घरांत होते, व ती फार दिवस चालत नाहीं. सूनबाई दमतात, वडिलांस आपण घरास भार झालों असें वाटतें, आणि दोघांच्याहि नकळत जुना चहा परत येतो. यांत कोणाचेंहि मन दुबळें नाहीं. घराची रचनाच जुन्या संवयीच्या बाजूची आहे.

यांत पणास काय लागलें आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं ज्यांची साखर बिघडूं लागली होती पण मधुमेह ठरला नव्हता अशा ५३१ जणांवर तीन वर्षें अभ्यास करून तो २००६ सालीं प्रसिद्ध केला. ज्यांस नेहमींचा सल्ला तेवढा दिला, त्यांपैकीं शेंकडा ५५ जणांस तीन वर्षांत मधुमेह जडला. ज्यांच्या आहाराकडे व चालण्याकडे वारंवार लक्ष पुरविलें, त्यांपैकीं शेंकडा ३९ जणांस. औषधाच्या गोळीनें जेवढा फायदा झाला, जवळजवळ तेवढाच या संवयींनीं झाला. अमेरिकेंत ३,२३४ जणांवर झालेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासांत तर संवयींचा फायदा गोळीहून बराच अधिक दिसला. हें डोळे, मूत्रपिंडें आणि पाय वांचण्याचें गणित आहे. एका कपांतील दोन चमचे साखरेचें नव्हे.

मग घरानें काय करावें? याविषयीं लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजांतून २०१५ सालीं आलेली माहिती आम्हांस फार बोलकी वाटते. उतारवयांतील ३,७२२ जोडप्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तेथें तपासल्या. धूम्रपान करणाऱ्या ज्या स्त्रियांचे पति धूम्रपान चालूंच ठेवीत, त्यांपैकीं शेंकडा ८ जणींनींच तें सोडलें. ज्यांचे पति मुळांत धूम्रपान करीतच नसत, त्यांपैकीं शेंकडा १७ जणींनीं सोडलें. आणि ज्यांच्या पतींनीं त्याच काळांत स्वतः सोडलें, त्यांपैकीं शेंकडा ५० जणींनीं. पुरुषांचेंहि चित्र असेंच होतें. मधल्या आंकड्याकडे लक्ष द्यावें. निर्व्यसनी जोडीदाराच्या आदर्शाचा उपयोग झाला, पण बरोबरीनें सोडणाऱ्याच्या सोबतीपुढें तो थोडाच. ज्यास कधीं गोडाची ओढच नव्हती असा धाकटा भाऊ पथ्याचें व्याख्यान देऊं लागला, तर त्याचा परिणाम कां होत नाहीं हें यावरून समजावें.

चातुर्मासांत कांदा एकट्या वडिलांसाठीं बंद होत नाहीं. तो स्वयंपाकघरांतच येत नाहीं. सूनबाईंस दोन भाज्या कराव्या लागत नाहींत, आणि पंगतींत आग्रह करण्यास कांद्याचें कांहीं नसतेंच. आग्रह करणाराहि नेमांत असतो. कोणी चुकून भजें पुढें केलेंच, तर "माझा नेम आहे" या तीन शब्दांनीं विषय संपतो आणि कोणी रुसत नाहीं. "मला पथ्य आहे" या तीन शब्दांनीं मात्र वाद सुरू होतो. नेमास घरांत जो मान आहे तो पथ्यास मिळवून देणें हें वडील स्त्रियांच्या हातीं आहे, कारण आग्रहाचीं सूत्रें त्यांच्याच हातीं असतात. आत्याबाईंनीं एकदां सर्वांदेखत "अण्णांना गोड वाढायचं नाहीं, त्यांचा नेम आहे" असें म्हटलें, कीं डॉक्टरांच्या दहा चिठ्ठ्यांचें काम होतें. आणि आधण सर्वांचेंच बिनसाखरेचें ठेवावें. ज्यास हवी त्यानें साखर वरून घ्यावी. यानें निराळें भांडें वांचतें, सकाळची घाई वांचते, आणि मुलांच्या पोटांत जाणारी साखरहि न बोलतां कमी होते.

एका वेळीं किती नेम धरावे? अमेरिकेचे थोर पुरुष बेंजामिन फ्रँकलिन यांनीं तारुण्यांत तेरा सद्‌गुणांची यादी करून एका वहींत रकाने आंखले, आणि चुकेल तेथें काळा ठिपका देण्याचा क्रम ठेविला. तेराहि एकदम साधूं गेल्यास लक्ष विभागेल म्हणून प्रत्येक आठवड्यास एकच गुण त्यांनीं मुख्य धरला. तेरा आठवड्यांचें एक आवर्तन, वर्षांत चार आवर्तनें. ठिपके खोडून खोडून वहीस भोंकें पडलीं, तेव्हां त्यांनीं हस्तिदंती पानांवर रेघा आंखून घेतल्या, म्हणजे ठिपके ओल्या बोळ्यानें पुसतां येत. इतकें करूनहि नीटनेटकेपणा हा गुण आपणांस कधींच साधला नाहीं, असें ते मोकळेपणीं सांगतात. ज्यांच्या टेबलावर कागदांचा डोंगर आहे त्यांनीं यावरून हवा तर धीर घ्यावा.

इतका वेळ नेमाची स्तुति केली. आतां त्याची उणीव. चातुर्मासाचा नेम संपण्यासाठींच असतो. त्यास उद्यापन आहे. कार्तिकांत ब्राह्मणभोजन होतें, मेहुण जेवतें, वाण दिलें जातें, आणि सोडलेली वस्तु समारंभानें परत घेतली जाते. वांगें तर चंपाषष्ठीस खंडोबाच्या नैवेद्याचें भरीत होऊन पुन्हां घरांत येतें. कांद्याच्या बाबतींत यांत कांहींच वावगें नाहीं. कांदा वाईट म्हणून कोणी सोडलेलाच नसतो. पण प्रकृतीसाठीं धरलेला नियम या वळणावर फसतो. तीन महिने नेटानें पाळलें, रक्तांतील साखर उतरली, डॉक्टरांनीं शाबासकी दिली, आणि त्या शाबासकीचेंच उद्यापन होऊन पेढे वाटले गेले, हा प्रकार नवा नाहीं. अमेरिकेंतील ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्यांतील लोकांचेंहि वजन पहिल्या वर्षीं सरासरी सात किलो उतरलें, आणि पुढील वर्षांत बरेंचसें हळूहळू परत चढलें. तरी मधुमेह लांबविण्याचा कांहीं लाभ दहा वर्षांनींहि शिल्लक होता, ही त्यांतील समाधानाची गोष्ट.

म्हणून ज्यांस एखादी संवय जन्माची करावयाची आहे त्यांनीं चातुर्मासाकडून आरंभ घ्यावा, सोबत घ्यावी, खंड पडल्यास सांवरण्याची रीत घ्यावी, पण उद्यापन घेऊं नये. कार्तिकी एकादशी जवळ आली म्हणजे घरांत एकदां बसून बोलावें: कांदा कधीं आणावयाचा हें ठरवावें, आणि चहाचें आधण पुढेंहि बिनसाखरेचेंच राहाणार हेंहि त्याच बैठकींत ठरवावें. खरी परीक्षा त्याच्या आधीं दिवाळींत होऊन गेलेली असते. दिवाळी चातुर्मासाच्या आंतच पडते, त्यामुळें फराळाच्या दिवसांत नेम कसा निभावला याचा अनुभव घराच्या गांठीं असतो; कोणत्या दिवशीं लाडू खाल्ला गेला, कोणी आग्रह केला, दुसऱ्या दिवशीं पुन्हां कसें रुळावर आलें, तें सर्वांस ताजें आठवत असतें. त्या आठवणींवरूनच पुढील मार्गशीर्षांतील लग्नांची व्यवस्था लावतां येते. पंगतींत अण्णांच्या शेजारीं कोणी बसावयाचें, आणि वाढपी जिलबी घेऊन आला म्हणजे "त्यांचा नेम आहे" हें कोणी म्हणावयाचें, एवढें आधीं ठरलेलें असलें म्हणजे झालें.